व्याधिक्षमत्वाची दुसरी बाजू : कुष्ठरोगातील प्रतिक्रिया आणि मज्जातंतूंची हानी

आयुर्वेदातील 'व्याधिक्षमत्व' या संज्ञेचा अलीकडे जितका उच्चार होतो, तितका तिचा विचार होतोच असे नाही. २०२० सालच्या महासाथीनंतर तर 'रोगप्रतिकारशक्ती वाढवणारे' असे शब्द वेष्टनावर नसलेले चूर्ण बाजारात शोधावे लागते. रुग्णही येऊन सांगतो, "वैद्यबुवा, ताकद वाढेल असे काहीतरी द्या." या भाषेमागे एक गृहीतक दडलेले आहे. प्रतिकारशक्ती ही कणगीतल्या धान्यासारखी साठवण्याची वस्तू असून ती जितकी अधिक तितके आरोग्य अधिक, असे ते गृहीतक होय. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अठ्ठाविसाव्या अध्यायावर लिहिताना चक्रपाणिदत्तांनी व्याधिक्षमत्वाचा अर्थ दोन अंगांनी सांगितला आहे. उत्पन्न झालेल्या व्याधीच्या बलाला विरोध करणे हे एक अंग आणि व्याधीच्या उत्पत्तीलाच प्रतिबंध करणे हे दुसरे. दोन्ही ठिकाणी टीकाकाराने कार्य सांगितले आहे, राशी सांगितलेली नाही. कार्य म्हटले की त्याला काळ, स्थान आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी येतात. अस्थानी किंवा अवेळी झालेले कार्य हितकर असेलच असे नाही.

हा मुद्दा केवळ शब्दांचा नाही. आपल्या दवाखान्यात येणारा एक रुग्णवर्ग असा आहे की ज्याच्या हाताची बोटे वाकडी होतात, पाऊल लोंबते, डोळा मिटेनासा होतो, आणि हे सारे बव्हंशी जंतूंमुळे नव्हे, तर जंतूंशी लढणाऱ्या त्याच्याच पेशींमुळे घडते. हा रुग्णवर्ग म्हणजे कुष्ठरोगी. प्रस्तुत लेखात आम्ही या एकाच रोगाच्या आधारे व्याधिक्षमत्वाच्या दुसऱ्या बाजूचा विचार करणार आहोत. विषय एवढा मर्यादित ठेवण्याचे कारण सरळ आहे. हा रोग अद्याप आपल्यातून गेलेला नाही. राष्ट्रीय पातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट भारताने डिसेंबर २००५ मध्ये गाठले आणि तेव्हापासून 'कुष्ठरोग संपला' असा समज पसरला. प्रत्यक्षात आजही जगातील नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतात सापडतात, आणि महाराष्ट्रात विदर्भाच्या पूर्व भागातील वैद्यांना तर हा रोग काही नवा नाही.

प्रथम नावाविषयी थोडे स्पष्ट करणे आवश्यक आहे. ग्रंथोक्त 'कुष्ठ' आणि आज ज्याला आपण कुष्ठरोग किंवा महारोग म्हणतो तो रोग यांना एकच मानून चालणार नाही. सात महाकुष्ठे आणि अकरा क्षुद्रकुष्ठे यांत आजच्या दृष्टीने त्वचेचे अनेक वेगवेगळे विकार सामावलेले आहेत. तथापि त्वचेची बधिरता, बोटे झडणे, नाक बसणे ही वर्णने वाचताना आजचा कुष्ठरोग डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाची गणना एकापासून दुसऱ्याकडे संक्रांत होणाऱ्या औपसर्गिक रोगांत केली आहे, हेही लक्षणीय आहे. पुढील सर्व विवेचनात 'कुष्ठरोग' हा शब्द आम्ही आजच्या, जंतुजन्य रोगाच्या अर्थानेच वापरला आहे.

या रोगाचा जंतू नॉर्वेतील बर्गेन येथे डॉ. आर्माउअर हॅन्सन यांनी १८७३ साली शोधला. कोणताही विशिष्ट जंतू हा मानवी रोगाचे कारण असू शकतो, असे दाखवणाऱ्या अगदी आरंभीच्या शोधांपैकी हा एक होय. मात्र हा जंतू मोठा विलक्षण आहे. तो आजतागायत प्रयोगशाळेतील कृत्रिम माध्यमावर वाढवता आलेला नाही. एका जंतूचे दोन होण्यास त्याला बारा ते चौदा दिवस लागतात, जिथे पटकीसारख्या रोगाच्या जंतूंना मिनिटे पुरतात. संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सरासरी पाच वर्षे जातात, क्वचित वीसही. त्याला शरीरातील थंड भाग आवडतात, म्हणून त्वचा, नाक, कानाची पाळी आणि त्वचेलगतचे मज्जातंतू ही त्याची वसतिस्थाने. आमच्या विवेचनाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की तो धनुर्वात किंवा घटसर्पाच्या जंतूप्रमाणे कोणतेही तीव्र विष निर्माण करीत नाही. रुग्णाच्या शरीरात कोट्यवधी जंतू वर्षानुवर्षे नांदत असूनही त्याला ताप नाही, वेदना नाही, भूक उत्तम, असे दृश्य या रोगात नित्याचे आहे.

मग हानी करतो कोण?

याचे उत्तर पाहण्यापूर्वी शरीराच्या रक्षक पेशींचा थोडक्यात परिचय करून घेऊ. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात एक काटा खुपसला आणि दुसऱ्या दिवशी पाहिले, तर भटक्या पेशींनी त्या काट्याभोवती गर्दी केली होती. परकी वस्तू गिळण्याचा प्रयत्न करणाऱ्या या पेशींना पुढे भक्षक पेशी हे नाव मिळाले. मनुष्यात यांचे दोन मुख्य प्रकार आहेत. न्यूट्रोफिल या अल्पायुषी, तडकाफडकी धावून जाणाऱ्या पेशी होत. गळवातून निघणारा पू म्हणजे बहुतांशी यांचीच मृत शरीरे. मॅक्रोफेज या त्यांच्या मानाने दीर्घायुषी, ऊतींमध्ये ठाण मांडून बसणाऱ्या. कुष्ठजंतूला गिळण्याचे काम या मॅक्रोफेजकडे येते, परंतु गिळणे म्हणजे मारणे नव्हे. कुष्ठजंतू गिळला गेल्यावरही मॅक्रोफेजच्या पोटात सुखाने राहतो आणि तिथेच वाढतो. त्याला मारण्याची आज्ञा मॅक्रोफेजला टी-लसिका पेशींकडून मिळावी लागते. त्या गॅमा इंटरफेरॉन नावाचे द्रव्य सोडतात, मॅक्रोफेज जागी होते, तिच्यातील पाचक द्रव्ये व तीव्र ऑक्सिजनयुक्त रसायने कार्यान्वित होतात आणि जंतू मरतो. अशा जाग्या झालेल्या पेशी एकत्र येऊन जंतूभोवती गाठ बांधतात, तिला ग्रॅन्युलोमा म्हणतात.

ही रसायने जंतूला ओळखून आणि शेजारच्या निरोगी पेशीला वगळून काम करीत नाहीत. भक्षक पेशी फुटली किंवा अति उत्तेजित झाली की ती द्रव्ये आजूबाजूच्या ऊतीवर सांडतात.

आपल्या परिचयाचे एक उदाहरण देतो. बिब्बा 'उततो' तेव्हा काय होते? एकाच बाटलीतील बिब्ब्याचे तेल एकाला लागले तर केवळ काळा डाग पडतो, दुसऱ्याला मात्र दोन दिवसांनी फोड, सूज, खाज आणि कधी सर्वांगाला दाह. तेल तेच असताना फरक कुठून येतो? बिब्ब्यात स्वतःची दाहकता आहेच, परंतु या उतण्याचा मोठा भाग हा त्या तेलाला पूर्वी एकदा 'ओळखून' ठेवलेल्या टी-पेशींचा असतो. क्षयाच्या चाचणीसाठी हाताच्या त्वचेत मान्टूची सुई देतात, तिथेही हेच घडते. त्या द्रवात एकही जिवंत जंतू नसतो, तरी अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत गाठ उठते, कारण शरीराला त्या प्रथिनांची ओळख आहे. गाठ जंतूने आणलेली नाही, ती शरीराने स्वतः उभी केली आहे. (गावाकडे बधिर चट्ट्यावर बिब्बा लावण्याची पद्धत अजून पुरती गेलेली नाही. तिच्यामुळे चट्ट्याचे मूळ स्वरूप झाकले जाते आणि निदान लांबते, म्हणून ती थांबवणे हे आपलेच काम आहे.)

आता कुष्ठरोगाकडे वळू. जंतूशी संपर्क आलेल्यांपैकी सुमारे पंच्याण्णव टक्के लोकांना हा रोग होतच नाही. त्यांचे व्याधिक्षमत्व चक्रपाणिदत्तांच्या दुसऱ्या अर्थाने कार्य करते आणि व्याधी उत्पन्नच होऊ देत नाही. उरलेल्यांमध्ये मात्र एकच जंतू दोन टोकांचे रोग निर्माण करतो. रिडली आणि जॉपलिंग या तज्ज्ञांनी १९६६ साली या रोगाची जी वर्गवारी मांडली तिचा पायाच मुळी रुग्णाची प्रतिकारक्षमता हा आहे. एका टोकाला ट्यूबरक्युलॉइड रुग्ण. याच्या टी-पेशी अत्यंत जागरूक, त्यामुळे जंतू शोधूनही सापडत नाहीत. त्वचेवर एखाददुसरा कोरडा, बधिर, स्पष्ट कडेचा चट्टा असतो. दुसऱ्या टोकाला लेप्रोमॅटस रुग्ण. याच्या टी-पेशी या जंतूपुरत्या जणू झोपलेल्या, म्हणून त्वचेत जंतूंचे अक्षरशः गठ्ठे. चेहरा तुकतुकीत, कानाच्या पाळ्या जाड, भुवया विरळ.

प्रचलित समजुतीप्रमाणे पहिल्या रुग्णाची प्रतिकारशक्ती 'चांगली', म्हणून त्याचे मज्जातंतू सुरक्षित असायला हवेत. वस्तुस्थिती उलट आहे. ट्यूबरक्युलॉइड रुग्णात बाधित होणारे मज्जातंतू थोडे असतात, पण जो बाधित होतो त्याचा नाश लवकर आणि कठोरपणे होतो. कधी तर मज्जातंतूच्या आत ग्रॅन्युलोमा सडून थंड गळूच तयार होते. लेप्रोमॅटस रुग्णात जंतूंची संख्या प्रचंड असूनही मज्जातंतू पुष्कळ काळ काम करीत राहतात आणि त्यांची हानी सावकाश, दोन्ही बाजूंना सारखी होत जाते. जंतू स्वतःही मज्जातंतूच्या आवरणाला काही प्रमाणात इजा करतात हे खरे, परंतु वेगवान नाश हा प्रामुख्याने रक्षक पेशींचा आहे, याविषयी आज शंका उरलेली नाही.

याचे कारण मज्जातंतूच्या रचनेत आहे. कुष्ठजंतू मज्जातंतूतील श्वान पेशींमध्ये, म्हणजे तंतूला वेढून त्याचे पोषण व संरक्षण करणाऱ्या पेशींमध्ये, शिरतो. मॅक्रोफेज आणि टी-पेशी त्याचा माग काढीत तिथे पोहोचतात. त्वचेत सूज आली तर तिला पसरायला जागा असते. मज्जातंतूभोवती मात्र एक चिवट वेष्टन असते आणि कोपराच्या आतील बाजूस किंवा घोट्याच्या मागे तो हाडाच्या अरुंद खोबणीतून जातो. आत सूज वाढली की तंतू स्वतःच्याच वेष्टनात आवळले जातात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा भरून येते, मज्जातंतू फारच थोडा भरून येतो. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात कोपराच्या कूर्पर मर्माला आघात झाला असता हात थोटा होतो आणि जानु मर्माला झाला असता लंगडेपणा येतो असे सांगितले आहे. त्या वर्णनाचा कुष्ठरोगाशी थेट संबंध जोडण्याचा आमचा हेतू नाही. परंतु हाताचे आणि पायाचे व्यंग कोपर व गुडघ्यापाशी ठरते, हे निरीक्षण त्या काळच्या शल्यवैद्यांनी नोंदवले होते, एवढे खरे.

आता या लेखाच्या मुख्य भागाकडे येतो. वर सांगितलेल्या दोन टोकांच्या दरम्यान बहुसंख्य रुग्ण असतात. त्यांची प्रतिकारक्षमता स्थिर नसते, ती झोके घेते. हा झोका जेव्हा एकाएकी वर जातो, म्हणजे झोपलेल्या टी-पेशी अचानक जाग्या होतात, तेव्हा जे घडते त्याला पहिल्या प्रकारची कुष्ठ प्रतिक्रिया म्हणतात. या मध्यवर्ती गटातील सुमारे तीस टक्क्यांपर्यंत रुग्णांना केव्हा ना केव्हा तिला सामोरे जावे लागते. जुने, फिकट चट्टे लाल होतात, सुजतात, उंचावतात. पूर्वी न दिसलेले चट्टेही वर येतात. हातापायांवर सूज येते. आणि त्याच वेळी कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूस किंवा घोट्यामागे मज्जातंतू दुखू लागतो.

ही घटना बहुधा केव्हा घडते, तर बहुविध औषधोपचार सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत. रिफाम्पिसिन, डॅप्सोन व क्लोफाझिमिन ही औषधे एकत्र देण्याची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली केली. या गोळ्यांची पाकिटे सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात आणि त्यांनी जंतू खात्रीने मरतात. परंतु मेलेल्या जंतूचे अवशेष शरीराबाहेर जायला फार काळ लागतो, आणि टी-पेशींना जिवंत जंतू आणि त्याचा तुकडा यांत फरक करण्याचे कारण नसते.

आता रुग्णाच्या बाजूने विचार करा. शेतमजुरी करणारा मनुष्य, न दुखणारा, न खाजणारा एक चट्टा घेऊन आरोग्य केंद्रात गेला. गोळ्या सुरू झाल्या. लघवी लाल झाली, हळूहळू कातडी काळवंडली. दोन-तीन महिन्यांत चट्टे भडकले, हात सुजला, कोपरापासून करंगळीपर्यंत कळा येऊ लागल्या. 'गोळ्या उष्ण पडल्या' याखेरीज दुसरा कोणता निष्कर्ष तो काढणार? तो गोळ्या बंद करतो आणि आपल्याकडे येतो. आम्हाला व आमच्या सहकाऱ्यांना भेटलेल्या अशा रुग्णांची कहाणी थोड्याफार फरकाने हीच असते. या क्षणी वैद्याच्या हातून दोन प्रमाद होऊ शकतात. एक म्हणजे 'उष्णतेच्या' निदानाला मान हलवून गोळ्या बंद ठेवणे. दुसरा म्हणजे रुग्ण क्षीण दिसतो म्हणून त्याचे 'बल' वाढवण्यासाठी रसायन सुरू करून महिन्याने बोलावणे. पहिल्याने रोग परततो आणि कुटुंबीयांना धोका होतो. दुसऱ्यात महिना हातातून जातो. इथे दुर्बलता नाहीच, उलट रुग्णाच्या टी-पेशींना आलेला अतिरेकी उत्साह हेच आजाराचे स्वरूप आहे.

याचा आणखी एक पुरावा वैद्यकाला अनपेक्षित दिशेने मिळाला. एचआयव्हीबाधित रुग्णाला विषाणुविरोधी औषधे सुरू केली की त्याच्या नष्ट झालेल्या टी-पेशी परत येऊ लागतात. अशा काही रुग्णांत, पूर्वी कुष्ठरोगाचे एकही लक्षण नसताना, औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लाल सुजलेले चट्टे आणि मज्जातंतूशोथ दिसू लागला. २००३ पासून अशा रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत आहेत. जंतू आधीपासून होताच, पण तो दिसू लागला शरीराचे बल परतल्यावर. बाळंतपणानंतरही असेच होते. गर्भारपणात स्त्रीची ही प्रतिकारक्षमता निसर्गतः काहीशी मंदावलेली असते व प्रसूतीनंतर ती पूर्ववत होते, त्या काळात पहिल्या प्रकारची प्रतिक्रिया उद्भवू शकते. सूतिकेच्या हातापायांच्या मुंग्या आपण सहज वातप्रकोपावर ढकलतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम नमूद केली.

दुसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया लेप्रोमॅटस बाजूच्या रुग्णांत होते. हिच्यात जंतूंच्या अवशेषांशी प्रतिपिंडे जोडली जाऊन त्यांचे पुंजके ऊतींत व रक्तवाहिन्यांच्या भिंतींत अडकतात आणि त्यांच्यावर न्यूट्रोफिल तुटून पडतात. चेहरा, दंड, मांड्या यांवर लालसर, हाताला दुखऱ्या लागणाऱ्या गाठी एकाएकी उठतात. ताप येतो, सांधे सुजतात, डोळा लाल होऊन दुखतो, वृषणशोथ होतो, मज्जातंतू दुखतात. काही दिवसांत गाठी बसतात आणि पुन्हा नव्या येतात. हे चक्र उपचार संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू शकते. वैद्याच्या दृष्टीने येथील धोका असा की ज्वर व संधिशोथ पाहून आमवात किंवा वातरक्ताचे निदान होते आणि कानाच्या जाड पाळ्यांकडे कुणाचे लक्ष जात नाही. या प्रतिक्रियेवर थॅलिडोमाइड गुणकारी आहे, हे जेरुसलेमचे डॉ. जेकब शेस्किन यांना जवळजवळ योगायोगाने कळले. रुग्णाला झोप लागावी म्हणून दिलेल्या औषधाने गाठीच बसल्या. १९६५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. गर्भात भयंकर व्यंगे निर्माण केल्यामुळे १९६१ साली हे औषध बाजारातून मागे घेतले गेले होते. ते एकही जंतू मारत नाही. दाह भडकवणाऱ्या, टीएनएफ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्रव्याची निर्मिती ते रोखते, एवढेच. आजही ते केवळ तज्ज्ञांच्या देखरेखीखाली, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांना पूर्णतः वर्ज्य मानून वापरले जाते.

पहिल्या प्रकारच्या प्रतिक्रियेचे मुख्य औषध प्रेडनिसोलोन होय. साधारणतः दिवसाला ४० मिलीग्रॅम किंवा वजनानुसार सुरुवात करून कित्येक आठवड्यांत ते क्रमाक्रमाने कमी केले जाते. हे ऐकून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, याची आम्हाला कल्पना आहे. स्टेरॉइडच्या दुरुपयोगाचे बळी आपण रोज पाहतो आणि त्यांच्याविरुद्ध आपणच रुग्णांना सावध करतो. ते योग्यच आहे. परंतु औषधाची निंदा द्रव्यावरून करावयाची नसते, योजनेवरून करावयाची असते. सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानातील आमपक्वैषणीय अध्यायात व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अवस्था वर्णिल्या आहेत. जो अपक्व शोथ अज्ञानाने कापतो आणि जो पक्व झालेल्याची उपेक्षा करतो, त्या दोघांनाही त्यांनी सारख्याच कठोर शब्दांत निंद्य ठरवले आहे. मज्जातंतूशोथाची उपेक्षा ही याच दुसऱ्या कोटीतील होय. मज्जातंतूचे कार्य गमावून सहा महिन्यांहून अधिक काळ लोटला नसेल तर ते काही अंशी किंवा पूर्णही परत येण्याची आशा असते. त्यानंतर ही आशा झपाट्याने मावळते. हे औषध स्वतःच्या अधिकारात सुरू करू नये. मधुमेह, क्षय, रक्तदाब, पोटातील जंत यांची तपासणी करूनच ते दिले जाते आणि मध्येच बंद केल्यास अपाय होतो. वैद्याने करावयाचे ते ओळखणे, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात त्याच आठवड्यात पाठवणे, आणि जंतुनाशक गोळ्या सोडू नकोस हे रुग्णाला निक्षून सांगणे.

ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. दहा मिनिटे आणि एक बॉलपेन पुरते. रुग्णाला झोपेत मिटावेत तसे डोळे हळुवार मिटायला सांगा व पापण्यांत फट राहते का पाहा. हात पालथा नव्हे, तळवा वर करून टेबलावर ठेवायला सांगा. करंगळी बाजूला न्यायला लावून आपल्या बोटाने विरोध करा, नंतर अंगठा छताकडे उभा धरायला लावून तोही दाबून पाहा. मनगट वर उचलायला सांगा. पाऊल घोट्यातून वर ओढायला सांगून विरोध करा. प्रत्येक वेळी दुसऱ्या बाजूशी तुलना करावी आणि बळकट, कमजोर किंवा निकामी असे तीन शब्दांतच लिहून ठेवावे. मग डोळे बंद करायला लावून बॉलपेनच्या टोकाने तळहात व तळपायावर ठरावीक ठिकाणी, त्वचेला किंचित खळगा पडेल इतकाच स्पर्श करा आणि रुग्णाला त्या जागी बोट ठेवायला सांगा. शेवटी कोपराच्या आतील खोबणीत, गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या मानेपाशी व आतल्या घोट्यामागे मज्जातंतू बोटांनी चाचपा. चाचपताना आपली नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर असावी, कारण दुखते की नाही हे तो सांगण्याआधी चेहरा सांगतो.

ही तपासणी एकदा करून उपयोग नाही. काही रुग्णांत चट्टे भडकत नाहीत, वेदनाही होत नाही, आणि तरीही मज्जातंतूचे कार्य मुकाट्याने कमी होत जाते. अशा मूक हानीचा पत्ता मागच्या महिन्याच्या नोंदीशी आजची नोंद ताडून पाहिल्याखेरीज लागत नाही. 'पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही', 'सदऱ्याची बटणे लावता येत नाहीत', 'चहाचा कप हातून पडला' ही वाक्ये रुग्ण बोलता बोलता सांगून जातो. वातव्याधीच्या रुग्णाकडूनही आपण ती ऐकतो. अशा प्रत्येक रुग्णाची पाठ, दंड व नितंब उघडून बधिर चट्टा शोधण्याची सवय आपल्या दवाखान्यात असावी, असे आम्हाला आग्रहाने म्हणावेसे वाटते.

ज्यांचे मज्जातंतू वाचवता आले नाहीत त्यांच्यासाठी आपल्या शास्त्राकडे देण्यासारखे पुष्कळ आहे. वेल्लोर येथे काम करणारे शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे रोगाने झडत नाहीत. बधिर हाताला भाकरीचा तवा, विळ्याची मूठ, विडीचा चटका लागलेला कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे आखूड होत जातात. मज्जातंतूबरोबर घामाच्या ग्रंथीही बंद पडल्यामुळे त्वचा कोरडी पडून भेगाळते, आणि भेगेतूनच जखमेची सुरुवात होते. म्हणून रोज वीस-पंचवीस मिनिटे हातपाय साध्या पाण्यात भिजवावेत, घट्टे खडबडीत दगडाने हलके घासावेत आणि ओल्या त्वचेवरच तेल चोळावे. कुष्ठसेवेच्या केंद्रांत हीच पद्धत शिकवतात. अभ्यंगाची सवय असलेल्या रुग्णाला हे समजावणे आपल्याला सोपे जाते. पाणी गरम नसावे, कारण पोळल्याचे त्याला कळणार नाही. याच कारणाने बधिर हातापायांवर नाडीस्वेद, पोट्टली किंवा अग्निकर्म करणे आम्ही वर्ज्य समजतो. रोज रात्री तळपाय तपासण्याचे काम घरातील मुलावर सोपवावे, तळव्याखाली मऊ आणि बाहेरून टणक अशी मायक्रोसेल्युलर रबराची पादत्राणे कुष्ठरोग कार्यक्रमातून मिळवून द्यावीत, आणि कमजोर डोळ्याला दिवसा चष्मा व रात्री स्वच्छ फडके बांधायला सांगावे.